मनोहर चेक

“हलू नको गं, न्हाईतर शेंडी वाकडी वाळंल,” सायरा म्हणाली आणि माझ्या केसांची आणखी एक बट मुठीत धरून तिनं वर ओढली.

मी तिच्या घराच्या पायरीवर बसले होते. मांडीवर अॅल्युमिनियमचं भगुलं, भगुल्यात खळ. ताण्याच्या धाग्याला ताठपणा यावा म्हणून सायझिंगमध्ये लावतात ती. इचलकरंजीत खळीला तोटा नाही आणि ती कशालाही चिकटते. पतंगांना, वह्यांच्या कव्हरांना, निवडणुकीच्या पोस्टरांना आम्ही लहानपणापासून खळ लावत आलो होतो. केसांना लावणारी मात्र गावातली पहिली मीच असणार. सायरानं डोक्यावर पाच शेंड्या उभ्या केल्या आणि लांब जाऊन ती बघत राहिली. कशी दिसते असं विचारलं तर म्हणाली, आज तुझी आई तुला ओळखायची नाही.

त्या दुपारी आमच्या टेक्स्टाइल डिप्लोमाचं स्नेहसंमेलन होतं. साल शहाण्णव, मी दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. संमेलनात दरवर्षी एक ठरलेला कार्यक्रम असायचा. प्रत्येकानं एखादं कापड अंगावर घालून स्टेजवर यायचं आणि माइकवर त्याची जन्मकथा सांगायची. सूत कोणतं, वीण कोणती, ताणा कुणी लावला, विणलं कुणी. मुली आईची इरकली नाहीतर मावशीची पैठणी मागून आणायच्या आणि पाठ केलेलं बोलून, टाळ्या घेऊन उतरायच्या. मी पँट घालणार होते.

पँट लाल चौकड्याची होती. लाल जमिनीवर गडद हिरवे आणि काळपट निळे पट्टे, आणि मधून जाणारी पिवळी रेघ. शिवली होती सायरानं. तिचे वडील मोमीनचाचा शिलाईकाम करायचे आणि ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. चौकड्याचं कापड शिवताना शिवणीवर रेघेला रेघ जुळली पाहिजे, हे तिच्या हाडात भिनलं होतं. मी बजावलं होतं, जुळवू नको. तिनं मान डोलावली आणि जुळवूनच शिवली. परत उसवायला लावलं तेव्हा कुठं डाव्या पायाचा चौकडा इंचभर खाली सरकला. गुडघ्यावर मी ब्लेड मारलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं. फाटलेल्या जागी मी सतरा सेफ्टीपिना लावल्या. शिवाय दोन्ही गुडघ्यांना जोडणारा एक पट्टाही होता. तो कशासाठी असतो हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं, पण चित्रात होता म्हणून आम्ही लावला.

चित्राचं सांगते, पण त्याआधी कापडाचं सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी आदगोंडाशेठ मगदूम यांच्या कारखान्याला मुंबईच्या एका पार्टीकडून परदेशी जाणाऱ्या टार्टनची मोठी ऑर्डर आली होती. टार्टन म्हणजे हाच चौकडा, विलायती. माझे वडील मनोहर दिवटे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शेठकडे वार्पर होते. कापडातले उभे धागे ठरलेल्या रंगाच्या क्रमानं मोजून, एकेक पट्टा म्हणजे सेक्शन लावत, बीमवर म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळायचे, हे वार्परचं काम. अण्णांनी तीस वर्षं तेच केलं होतं. गावात पाच-सात रंगांचा अवघड चौकडा आला की ‘दिवट्याला बोलवा’ म्हणायचे.

रंगांच्या चिठ्ठीवर टार्टन अर्धंच लिहिलेलं असतं. टोकाच्या लालपासून मधल्या पिवळ्यापर्यंत यायचं आणि तिथून आल्या वाटेनं परत फिरायचं. मधल्या पिवळ्याचे चार धागे येताना-जाताना मिळून चारच धरायचे. नवशिकी पोरं येताना चार आणि जाताना चार मोजतात. अण्णांच्या ताण्यात पिवळ्याचे आठ पडले. आडव्या धाग्यांचं काम दुसऱ्याकडे होतं, ते बरोबर झालं. त्यामुळे त्या कापडात उभी पिवळी रेघ जाड आणि आडवी बारीक अशी आली. अण्णांनी लावलेला ताणा तपासावा हे कारखान्यात कुणाच्या मनातही आलं नाही. विणणाऱ्यांनी समोर आलं ते विणलं. मुंबईला गठ्ठे उघडले आणि सगळा माल परत आला.

शेठ भला माणूस. कुणाची मजुरी बुडवली नाही, तोटा स्वतः सोसला आणि अण्णांना कामावरूनही काढलं नाही. फक्त रंगीत ताण्यावरून उठवून पांढऱ्यावर बसवलं. पांढऱ्यात मोजायला काही नसतं, पहिल्या धाग्यापासून शेवटच्या धाग्यापर्यंत सगळे सारखे. परत आलेल्या मालातला बराचसा शेठनी गावातच स्वस्तात काढला आणि उरलेला कामगारांना वाटून टाकला. बघता बघता आमच्या गल्लीत जिकडेतिकडे तोच लाल चौकडा दिसू लागला. मोमीनचाचांच्या मशीनवर, हुक्केऱ्यांच्या खिडकीला, पोरांच्या दप्तरांना, सायकलींच्या सीटवर. हुक्केऱ्यांच्या शेळीला थंडीत त्याचीच झूल होती. आणि गावानं त्या कापडाचं बारसं करून टाकलं. मनोहर चेक.

हे नाव लोक अण्णांच्या तोंडावर घ्यायचे. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडायचं, काय मनोहर चेक, चार आन् चार किती? अण्णा मान खाली घालून पुढे जायचे. पुढे पुढे ते टपरीचा रस्ताच टाळायला लागले आणि मागच्या बोळातून कामावर जाऊ लागले. दुसऱ्या दोन कारखान्यांतून रंगीत कामाला बोलावणं आलं, तेही त्यांनी नाकारलं. आमच्या घरात त्या कापडाचा रुमालसुद्धा नव्हता. त्यांनी येऊच दिला नाही.

मला एवढंच हवं होतं, की अण्णांनी पुन्हा रंगीत ताण्यावर बसावं. घरी आले की पूर्वी त्यांच्या बोटांना रंगीत सुताची कुसं चिकटलेली असायची आणि जेवताना ते कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग कसा भांडतो ते आम्हाला ऐकवायचे. पांढऱ्यावर गेल्यापासून ते जेवायचे आणि झोपायचे. पन्नाशीतच त्यांचं म्हातारपण सुरू झालं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

तर आता चित्र. आमच्या लायब्ररीत विलायतेच्या एका जुन्या मासिकाची बांधीव फाइल होती. त्यात मला एक पोरगी दिसली. माझ्याच वयाची, केस साळिंदरासारखे उभे, अंगात लाल टार्टनची फाटकी पँट, फाटलेल्या जागी पिना, आणि चेहऱ्यावर असा भाव, की बघा काय बघायचं ते. मी फाइल घेऊन देवस्थळीबाईंकडे गेले. त्या आम्हाला डिझाइन शिकवायच्या. त्यांनी सांगितलं, हे टार्टन स्कॉटलंडचं, तिथल्या एकेका घराण्याचं ज्याचं त्याचं. पुढे बड्या लोकांनी, पलटणींनी ते मानाचं करून ठेवलं. मग वीसेक वर्षांपूर्वी लंडनमधल्या कामधंदा नसलेल्या पोरापोरींनी, त्यांना पंक म्हणतात, तेच मानाचं कापड घेतलं, फाडलं, पिना टोचल्या आणि घालून भर रस्त्यातून हिंडायला लागले. तुम्ही आम्हाला टाकाऊ म्हणता ना, मग हे घ्या, असं त्यांचं म्हणणं. बाई पुढेही बरंच बोलल्या. मी ऐकत नव्हते. लंडनच्या पोरांनी जे मुद्दाम केलं ते आमच्या गल्लीत दोन वर्षं आपोआप चाललं होतं. फरक एवढाच, की ती पोरं मान वर करून हिंडत होती आणि आम्ही मान खाली घालून.

मी त्याच दिवशी सायराकडून कापड घेतलं.

सभागृहापर्यंत मी सायराच्या आईची चादर पांघरून गेले. अण्णा यायचे नव्हते, पण पालकांना बोलावणं होतं आणि आईनं त्यांना ओढून आणलं होतं. चौथ्या रांगेत अगदी कडेला दोघं बसलेली मला पडद्याआडून दिसली. पहिल्या रांगेत गावातले कारखानदार होते आणि त्यांत आदगोंडाशेठही. पांढरी टोपी, हातात काठी, शेजारच्याशी हळू आवाजात काहीतरी चाललेलं. ते असणार हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर ते असावेत म्हणूनच मी हे सगळं घडवून आणलं होतं.

माझं नाव पुकारलं आणि मी चादर सायराकडे टाकली. स्टेजला बाजूनं चार पायऱ्या होत्या. पहिल्याच पायरीला मला कळलं, की गुडघ्यांना पट्टा बांधलेल्या माणसाला पायरी चढता येत नाही. मी दोन्ही पाय जोडून उडी मारली. दुसरीला परत उडी. तिसऱ्या उडीला सभागृह हसायला लागलं होतं, चौथ्या उडीला माझी एक शेंडी आडवी झाली. माइकपाशी पोचेपर्यंत शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, अरे हे तर मनोहर चेक. मग हसणं वाढलं ते थांबेचना. आई डोळे विस्फारून बघत होती. अण्णा बघतच नव्हते, त्यांची नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर होती.

माझे पाय हलणार नव्हते, पट्ट्यानंही आणि जिद्दीनंही. हसू ओसरेपर्यंत मी उभी राहिले आणि मग पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं.

“सूत चाळीस नंबरचं, वीण ट्विल. ताणा मनोहर दिवटे यांनी लावला. ते माझे वडील. या कापडात एक चूक आहे, मधलं पिवळं चाराच्या जागी आठ आहे. विलायतेत एकेका घराण्याचं एकेक टार्टन असतं. आमच्या गल्लीत कोष्ट्यांच्या, मोमिनांच्या, लिंगायतांच्या, सगळ्यांच्या घरात हेच आहे. म्हणून हे आमच्या गल्लीचं टार्टन. ते चुकीसकट आमचं आहे. चूक माणसाच्या हातून होते आणि मला तिची लाज वाटत नाही.”

टाळ्या आल्या. आधी देवस्थळीबाईंच्या, मग सायराच्या, मग बऱ्याच जणांच्या. माझी छाती फुगली. आपण बापाचं नाव भरल्या सभेत घेतलं, त्याची चूक बिल्ल्यासारखी अंगावर मिरवली, आता बोलायचं धाडस कुणाला होतंय बघू, अशा तोऱ्यात मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. अण्णा उभे राहिले होते. मला वाटलं, निघाले.

“चूक न्हवती ती,” अण्णा म्हणाले.

त्यांचा आवाज मुळात बारीक, पण टाळ्या थांबत आल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. देवस्थळीबाईंनी विचारलं, काय म्हणालात? अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. चारचौघांत ते कधी बोललेले मी पाहिले नव्हते. नात्यातल्या बारशा-लग्नांतसुद्धा ते मांडवाच्या कडेला बसायचे.

“पहिल्या सेक्शनला झाली चूक,” ते म्हणाले. “सेक्शन लावून मागं सरकलो आन् बघितलं, पिवळं आठ पडलं हुतं. काढून परत लावायला अर्धा तास लागला असता. पर मला ते बरं दिसलं. चारानं ती रेघ लालात बुडत हुती, आठानं वर आली. म्हणून उरलेलं एकवीस सेक्शन मी आठानंच लावलं. मोजून.”

एवढं बोलून ते खाली बसले.

हसण्याजोगं काही राहिलं नव्हतं आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मी माइकसमोर तशीच उभी. पहिल्यांदा मला राग आला. माझा एवढा थाट त्यांनी तीन शब्दांत खाली बसवला होता. मग राग गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. तीस वर्षांचा वार्पर बावीसच्या बावीस सेक्शन नवशिक्या पोरासारखं येताना चार आणि जाताना चार मोजील, यावर गावानं विश्वास ठेवला, तो ठेवला. मीही ठेवला होता. दोन वर्षं मी मनातल्या मनात अण्णांना माफ करत होते आणि त्याबद्दल स्वतःवर खूषही होते. त्यांना माझ्या माफीची काही गरजच नव्हती.

बक्षीस इरकलीला मिळालं. मी पट्टा सोडून पायऱ्या उतरले आणि धावत बाहेर आले. अण्णा सायकल स्टँडपाशी उभे होते आणि शेठ काठी टेकत त्यांच्याकडे येत होते. आई मला बघून कपाळाला हात लावणार होती, पण शेठना बघून तिनं तो हात पदराकडे नेला.

शेठ अण्णांसमोर थांबले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण चेहरा लाल झाला होता.

“म्हणजे मुद्दाम केलास.”

“व्हय.”

“दोन वर्सं मी गावाला सांगत फिरतोय, मनोहरला सोडा, बिचाऱ्याचं मोजण्यात चुकलं. आन् तू गप ऐकत बसलास?”

“मोजता येतंय मला, शेठ,” अण्णा म्हणाले. “नुकसान तुमचं झालं. माझ्यामुळं झालं, ते मी न्हाई म्हणत न्हाई. बीम तुमचं हुतं, ऑर्डर तुमची हुती. आधी येऊन सांगायला पायजे हुतं.”

“मग का न्हाई सांगितलंस?”

“तुम्ही न्हाई म्हणला असतासा.”

शेठनी थोडा वेळ विचार केला. माणूस खरंच सरळ होता. “म्हणलोच असतो,” ते म्हणाले.

“आन् माल परत आल्यावर सांगितलं असतं तर मला ठेवलं नसतासा.”

“न्हाईच ठेवलं असतं.”

“म्हणून गप बसलो. पोरं शिकत हुती.”

शेठनी काठी माझ्याकडे रोखली. माझ्या पिना, शेंड्या, फाटका गुडघा, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. “मग आजच कशापायी उठलास? मी तर इसरलो हुतो ते.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

“पोरीनं माझं नाव घेतलं,” ते म्हणाले. “भरल्या सभेत, पाठ ताठ करून. आन् त्या नावापुढं ती चूक म्हणाली. तिला ते खोटं बोलू देऊन मी खाली बसून टाळ्या वाजवू काय?”

माझे डोळे भरून आले. केसांतली खळ कपाळावर ओघळली होती, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. मी तशीच उभी राहिले.

शेठनी अण्णांना सांगितलं, की सोमवारपासून येऊ नको, पांढऱ्यालाही नको. त्यात चिडणं नव्हतं. चुकणारा माणूस मी ठेवीन, म्हणाले, मला न विचारता माझ्या बीमवर स्वतःचं डोकं चालवणारा ठेवता येत नाही. अण्णांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि शेठ गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. अण्णा सोमवारी सकाळी आंघोळ करून, धुवट सदरा घालून गावातल्या कारखान्यांत गेले. प्रत्येक ठिकाणी आधी आपण काय केलं ते सांगितलं आणि मग रंगीत काम मागितलं. दोघांनी बाहेरचा रस्ता दाखवला. तिसऱ्यानं विचारलं, चिठ्ठीप्रमाणे लावाल का? अण्णा म्हणाले, लावीन, आणि वेगळं काही दिसलं तर आधी तुम्हाला सांगीन. त्या कारखान्यात त्यांनी पुढे अकरा वर्षं रंगीत ताणा लावला. त्यांनी सांगितलेलं मालकानं किती वेळा ऐकलं ते मला माहीत नाही, पण मालक दुसऱ्यांकडे ‘आमचे दिवटे’ म्हणायचा, ते मी कानांनी ऐकलंय.

मी चौकड्यांचं डिझाइन करते. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला मी तीच पँट घालून गेले होते, पट्टा तेवढा काढून. आजही महत्त्वाच्या मीटिंगला मी टार्टन घालते. कधी पँट, कधी कोट, आणि एखादी पिन असतेच. ऑफिसातली पोरं म्हणतात, मॅडमची ही स्टाइल आहे. असेल. केसांना मात्र खळ पुन्हा कधी लावली नाही. त्या वेळची निघायला चार दिवस लागले होते आणि शेवटी आईनं कात्री घेतली.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलं.

शेठ गेल्यावर आई आणि सायरा पुढे निघाल्या. आईची बडबड दूरपर्यंत ऐकू येत होती, त्यात नोकरीही होती आणि माझ्या डोक्याचं सोंगही. अण्णा सायकल हातात धरून चालू लागले आणि मी त्यांच्या बाजूनं. दिवस मावळत होता, दुकानांतून दिवे लागले होते. येणारे-जाणारे थांबून माझ्याकडे बघत होते. मला त्यांचं काही वाटत नव्हतं, माझ्या मनात दुसरंच होतं. माझ्या एका पँटीपायी बापाचं काम गेलं होतं. शेवटी मी म्हटलं, अण्णा, माझं चुकलं, मी हे करायला नको होतं.

कापडाच्या एका दुकानासमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात, अण्णांनी सायकल स्टँडवर लावली आणि ते माझ्या पायाशी उकिडवे बसले. मला वाटलं, फाटक्या गुडघ्यावरून बोलणार. त्यांनी गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोटरीवरचं कापड चिमटीत धरून त्यांनी उजेडाकडे वळवलं आणि अंगठा पिवळ्या रेघेवरून बाजूला, हळूहळू सरकवत नेला. दोन वर्षांत त्यांनी त्या कापडाला पहिल्यांदाच हात लावला होता.

“यात चूक हाय, वैजे,” ते म्हणाले. “पिवळ्यात न्हाई. हिरव्यात. मुंबैवाल्यांनी चिठ्ठीतच चुकवलंय, मला तवाच दिसलं हुतं. हिरवा जड झालाय.”

मी वाकून बघितलं. त्यांनी दाखवल्यावर मलाही ते दिसलं. दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला सोडून आमच्याकडे बघत होता.

अण्णांनी अजून कापड सोडलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, ते धागे मोजत होते.

“पुढच्या बारीला दोन कमी करू,” ते म्हणाले.